गुणी डुप्लिकेट

कारखान्यात सगळे तिला वहिनी म्हणत, आणि त्याला कारणीभूत होता तिचा धाकटा दीर. तो तिथला जुना फिटर. ती नोकरीला लागली त्या पहिल्याच दिवशी त्याने अख्ख्या वर्कशॉपसमोर "वहिनी, डबा घरी विसरलात!" अशी आरोळी ठोकली, आणि झालं. साहेबांपासून वॉचमनपर्यंत सगळ्यांची ती वहिनी झाली. सोळा वर्षं झाली त्या डब्याला. एवढी शिकलेली इंजिनीयर, पण हजेरीच्या यादीतसुद्धा कुणीतरी तिच्या नावापुढे पेन्सिलीने 'वहिनी' लिहून ठेवलेलं. खोडून खोडून ती दमली, मग नाद सोडला.

पण हे एक वेळ परवडलं. न परवडणारी गोष्ट वेगळीच होती. ती म्हणजे त्याच दिराचं रोजचं पालुपद.

"वहिनी, तुमचा सेन्सर फार गुणी हो," तो म्हणायचा. "इतका गुणी सेन्सर मी आयुष्यात पाहिला नाही."

शॉपमधून तिच्या खोलीवरून जाताना म्हणायचा, चहाच्या रांगेत म्हणायचा, संध्याकाळी घरी ताटावर बसल्यावर सासूबाईंसमोर म्हणायचा. सासूबाईंना वाटायचं तो सुनेचं कौतुक करतोय. त्या म्हणायच्या, "आहेच मुळी माझी सून हुशार." मग त्याला अजून चेव यायचा. ती आमटीची वाटी जरा जास्तच जोरात आपटायची.

आता हा गुणी सेन्सर म्हणजे काय प्रकरण, ते सांगायला हवं. खरा सेन्सर असतो मुठीएवढा डबा. त्यातून एक लाल ठिपका खाली पडतो, आणि वस्तूवरून परत आलेल्या उजेडावरून तो डबा सांगतो की वस्तू किती उंच आहे. केसाच्या जाडीएवढाही फरक त्याच्या नजरेतून सुटत नाही. पण ऑर्डर दिल्यावर तो यायला चार-चार महिने. आणि मशीनचा प्रोग्राम लिहायचा असतो आज. म्हणून तिने कॉम्प्युटरवर सेन्सरची नक्कल बनवली होती. मशीनची केबल कॉम्प्युटरला जोडायची, की मशीनला वाटतं पलीकडे खराच सेन्सर बसलाय. सेटिंग पाठवली की नक्कल म्हणते 'मिळाली', उंची विचारली की आकडा देते, जोडणी तोडली की बोंब मारते. पुस्तकात याला एम्युलेटर म्हणतात. शॉपमध्ये त्याचं नाव पडलं डुप्लिकेट.

त्या डुप्लिकेटवर तिने दोन वर्षं घालवली होती. जुन्या स्टोअरची एक खोली भांडून मिळवली, तिथली खोकी स्वतः उचलून बाहेर काढली, खिडकीची काच बदलून घेतली. आणि साहेबांनी तिला स्पष्ट सांगितलं होतं, "वहिनी, या स्प्रिंगच्या मशीनला तुमचा डुप्लिकेट वापरून बघू. गिऱ्हाइकाने पहिल्या फटक्यात पास केलं तर खोली कायमची तुमची, वर दोन माणसं देतो. नाही केलं, तर खोकी पुन्हा आत आणि तुम्ही पुन्हा तुमच्या जुन्या टेबलावर." जुनं टेबल मुतारीच्या भिंतीला लागून होतं. तेव्हा काय पणाला लागलं होतं, हे निराळं सांगायला नको.

स्प्रिंगचं मशीन म्हणजे रेग्युलेटर बनवणाऱ्या गिऱ्हाइकासाठी बनवलेलं तपासणीचं मशीन. स्वयंपाकाच्या गॅसच्या सिलिंडरवर जो रेग्युलेटर बसतो, त्याच्या पोटात एक छोटी स्प्रिंग असते. ती आखूड असली किंवा बसवायचीच राहिली, तर बटण बंद केलं तरी गॅस चालूच. म्हणून मशीनच्या गोल ताटात बारा खाचा, प्रत्येक खाचेत एक रेग्युलेटर, वरून लाल ठिपका. स्प्रिंगची उंची बरोबर असली की हिरवा दिवा, नसली की लाल दिवा आणि माल लाल डब्यात. एवढंच काम, पण चुकून चालणार नाही असं.

दिराचं म्हणणं एकच होतं. "उपाशी चालवून बघू."

ही फिटर लोकांची जुनी रीत. नवं मशीन हातातून सोडायच्या आधी एकदा खाचांत काहीही न ठेवता चालवायचं. त्याला ते उपाशी चालवणं म्हणत. त्याच्या उस्तादाने त्याला शिकवलं होतं, की भरल्या पोटी सगळेच शहाण्यासारखे वागतात, मशीन कसं आहे ते उपाशीपोटी कळतं.

"भावजी, चारशे वेळा चालवलंय उपाशी," ती म्हणायची. "डुप्लिकेटवर. स्प्रिंग नाही म्हणजे उजेड परत येत नाही, उजेड नाही म्हणजे आकडा शून्य, शून्य म्हणजे लाल दिवा. चारशेच्या चारशे वेळा लाल. रिपोर्ट वाचा ना जरा!"

"वाचला की. छान अक्षर आहे."

"तो छापलेला आहे!"

"मग छपाई छान आहे. पण वहिनी, ते तुम्ही कॉम्प्युटरला उपाशी ठेवलंत. मशीन कुठे उपाशी राहिलं?"

काय बोलणार अशा माणसाशी? पालथ्या घड्यावर पाणी. तिला वाटायचं, या माणसाला एकदा खुर्चीला बांधून रिपोर्टची सगळी नव्वद पानं मोठ्याने वाचून दाखवावीत.

आणि गंमत अशी की गिऱ्हाइकाला रिपोर्ट पटला होता. त्यांच्या तपासनीस बाई फार कडक म्हणून प्रसिद्ध, पण त्यांनी सगळं बारकाईने वाचून लिहून कळवलं होतं: तपासणीच्या यादीतल्या एकेचाळीस बाबींपैकी सतरावी बाब, रिकामी खाच, डुप्लिकेटवर समाधानकारक झाली आहे, प्रत्यक्ष मशीनवर पुन्हा करण्याची गरज नाही. ते पत्र तिने खोलीच्या दाराला आतून चिकटवलं होतं. दीर आत आला की ती मुद्दाम दार लोटायची, म्हणजे पत्र त्याच्या नाकासमोर यावं.

खरा सेन्सर आला तपासणीच्या आदल्या दिवशी. दिराने तो बसवला, केबल ओढली, तिने मशीन चालू केलं, आणि पहिल्या फटक्यात जोडणी झाली. बत्तीस सेटिंग एकामागून एक गेल्या, बत्तीस वेळा 'मिळाली'. एरवी या कामात दोन दिवस जातात आणि माणसं एकमेकांच्या अंगावर धावून जातात. इथे चार मिनिटं.

"बोला आता!" ती म्हणाली. तिचा चेहरा नुसता फुलला होता.

"छान झालं," तो म्हणाला. खरंच मनापासून म्हणाला. मग डोकं खाजवत म्हणाला, "एकदा उपाशी–"

"भावजी, हात जोडते! माल लावून बघायला दुपारच उरलीये. साहेब तिकडे घड्याळ बघताहेत. सतरावी बाब झालेली आहे. पत्र दाखवू का परत?"

त्याने नट आवळायचे पाने पुसून पेटीत ठेवले आणि निघून गेला.

दुसऱ्या दिवशी तपासनीस बाई आल्या. चष्मा साखळीला अडकवलेला, हातात स्वतःचं पेन, स्वतःची पाण्याची बाटली. त्यांनी दोनशे रेग्युलेटर आणले होते आणि त्यात कुणाला न सांगता दहा आखूड स्प्रिंगचे मिसळले होते. मशीनने दहाच्या दहा लाल डब्यात टाकले. एक कमी नाही, एक जास्त नाही. बाईंनी लाल डब्यातले रेग्युलेटर दोनदा मोजले आणि पहिल्यांदाच हसल्या. साहेबांनी लांबूनच वहिनीकडे बघून मान डोलावली. तिला त्या क्षणी खोलीत नवी दोन टेबलं कुठे लावायची तेही दिसायला लागलं.

"चहा घेऊ आणि सही करू," साहेब म्हणाले, आणि बाईंना घेऊन केबिनमध्ये गेले. ती मागून कागद घेऊन निघाली, एवढ्यात दिराने हाक मारली.

"वहिनी. जरा या."

हाक नेहमीसारखी नव्हती. ती वळली. गोल ताट फिरत होतं. बाराही खाचा रिकाम्या. आणि वर दिवा: हिरवा. हिरवा. हिरवा.

तिने बारा मोजले. सगळे हिरवे.

"काय हलवलंत तुम्ही?" ती कडाडली. "काय केलंत? चांगलं चाललेलं मशीन! तुम्हाला कुणी सांगितलं होतं हात लावायला? दहा मिनिटं धीर धरवला नाही?"

"चालू करायचं बटण दाबलं. दुसरं काही नाही."

तिने पडद्यावरचा आकडा पाहिला. रिकाम्या खाचेवर ठिपका पडत होता, उजेड परत येत नव्हता, आणि सेन्सर सांगत होता की स्प्रिंग बरोब्बर आहे. तिने ताट थांबवलं, एक आखूड स्प्रिंगचा रेग्युलेटर लावला: लाल. तो काढला, खाच तशीच रिकामी: लाल. चांगला रेग्युलेटर लावला: हिरवा. काढला: हिरवा. आणि मग तिला कळलं. उजेड आला नाही की हा सेन्सर शून्य सांगतच नव्हता. आधीचा आकडा धरून ठेवत होता.

तिने माहितीपुस्तक उघडलं. पान एकशे बारा. 'उजेड न मिळाल्यास: शून्य, किंवा आधीचा आकडा कायम.' सेन्सर बनवणाऱ्या कंपनीतून येताना सेटिंग काय असते? आधीचा आकडा कायम. जुन्या मॉडेलमध्ये ते शून्य होतं. नव्यात बदललं होतं. ते पान तिने वाचलं नव्हतं असं नाही. वाचलं होतं, पण जुनं डोक्यात ठेवून वाचलं होतं. तेच डोक्यात ठेवून मशीनचा प्रोग्राम लिहिला, आणि तेच डोक्यात ठेवून डुप्लिकेट बनवला. पेपर तिनेच काढला, तिनेच सोडवला, तिनेच तपासला. मग चारशेपैकी चारशे मार्क पडतील नाही तर काय होईल?

कुणाच्या नावाने बोटं मोडायची? आपलेच दात आणि आपलेच ओठ.

दीर तिच्या तोंडाकडे बघत होता. आता तो म्हणेल, तिला वाटलं. गुणी सेन्सर म्हणेल. म्हणू दे, आज त्याचा हक्क आहे.

तो हळूच म्हणाला, "सेटिंग बदलता येते ना?"

"दोन मिनिटांत."

"मग बदला. ते चहा पिताहेत." त्याने मागे वळून केबिनकडे पाहिलं. "मी काही पाहिलं नाही. तुमची खोली जायला नको, वहिनी."

इतकी वर्षं डोक्यावर मिरे वाटणारा हा माणूस, आणि आज हे बोलला. तिला रडूच आलं, आणि रडू आल्याचा राग आला. तिने खरंच कीबोर्डवर हात ठेवला. शून्य निवडलं. आता फक्त 'पाठवा' दाबायचं होतं.

आणि मग तिच्या मनात आलं: हे एक सापडलं. बाकीचं? डुप्लिकेटवर पास केलेल्या बाबी एकूण तेवीस. केबल अर्धवट सुटली तर, वीज गेली आणि आली तर, काच मळली तर. त्या तेविसांना पास कुणी केलं? तिनेच. कुठल्या कुठल्या पानावर तिने असंच जुनं डोकं वापरलं असेल, हे तिला स्वतःला कसं कळणार होतं? सेटिंग एक बदलता येईल. डोकं कुठून बदलून आणायचं? आणि त्या रेग्युलेटरचं बटण उद्या कुणाच्या तरी ओट्याखाली फिरणार होतं. घरी सासूबाई रोज रात्री ते बटण बंद करतात, मग हात लावून पुन्हा बघतात. त्यांचा तेवढा विश्वास नाही, म्हणून ती हसायची त्यांना.

तिने हात मागे घेतला.

"कुठे निघालात?" दीर म्हणाला.

"केबिनमध्ये. आणि तुम्ही पण या. सापडलं तुम्हाला, सांगणार मी एकटी का?"

केबिनमध्ये बाईंच्या पेनाचं टोपण निघालेलं होतं. साहेब बिस्किटांची बशी पुढे सरकवत होते. तिने दारातूनच सांगून टाकलं. बसली असती तर तिच्याने बोलवलं नसतं. "सही करू नका. सतरावी बाब नापास आहे. रिकाम्या खाचेला मशीन हिरवा दिवा दाखवतंय. माझा डुप्लिकेट चुकला, कारण मी चुकले. या फिटरनी आत्ता मशीन रिकामं चालवलं म्हणून कळलं."

साहेबांच्या हातातली बशी तशीच राहिली.  

तपासनीस बाईंनी टोपण लावलं. मशीनपाशी आल्या, बारा हिरवे दिवे स्वतः मोजले, पान एकशे बारा वाचलं. मग चष्मा काढून म्हणाल्या, "सतरावी बाब डुप्लिकेटवर चालेल असं मीही लिहून दिलं होतं. म्हणजे मीही नापासच." आणि दिराला विचारलं, "तुम्हाला कसं सुचलं?"

"सुचायचं काय त्यात?" तो संकोचून म्हणाला. "आम्ही आधी उपाशीच चालवतो."

बाईंनी उभ्या उभ्या कागदावर लिहिलं. पुन्हा तपासणी तीन आठवड्यांनी. एकेचाळीसच्या एकेचाळीस बाबी खऱ्या सेन्सरवर. त्याआधी सगळ्या डुप्लिकेटवर, पण एका अटीवर: सेन्सरची नक्कल आणि मशीनचा प्रोग्राम एकाच माणसाच्या हातचा नसावा.

बाई गेल्यावर साहेबांचा बांध फुटला. पंधरा मिनिटं ते बोलत होते. त्यातलं बरंचसं तिला पटण्यासारखं होतं, म्हणूनच ऐकवत नव्हतं. शेवटी दमून ते खुर्चीत बसले. "खोली बंदच करणार होतो. पण आता गिऱ्हाइकालाच डुप्लिकेट हवाय. दोन माणसं वगैरे विसरा. आणि तुम्ही मशीनचा प्रोग्राम बघायचा, डुप्लिकेट दुसऱ्याने. कोण आहे दुसरं, ज्याला सेन्सर कळतात?"

दोघांनी एकदमच काचेतून बाहेर पाहिलं. दीर स्टुलावर बसून हात पुसत होता.

"साहेब, नाही हो," ती कळवळून म्हणाली. "त्यांना टाइप करता येत नाही. एका बोटाने मेसेज लिहितात. 'हो' लिहायला अर्धा मिनिट लागतं!"

"शिकवा."

सोमवारी तो तिच्या खुर्चीत बसला. तिचं टेबल मशीनशेजारी पॅसेजमध्ये आलं, जिथे येणारा-जाणारा प्रत्येक जण "वहिनी, इकडे कशा?" असं विचारून जायचा. आठवडाभर तिने त्याला शिकवलं: कुठला भाग सेटिंग घेतो, कुठला आकडा देतो, काय बदललं की काय होतं. तिने हात टेकले, दोनदा उठून गेली, दोनदा परत आली. तो तर्जनीने एकेक अक्षर शोधायचा आणि सापडलं की त्यालाच आनंद व्हायचा.

मग एके दिवशी तो म्हणाला, "आता जा तुम्ही. जोडा मशीन."

तिने जोडलं. मशीन बंद पडलं. कारण? चालू झाल्यावर पहिले तीन सेकंद डुप्लिकेट बोललाच नाही. तिने प्रोग्राम दुरुस्त केला. पुन्हा जोडलं. आता काचेवर तेलाचा थेंब पडल्यासारखे आकडे थरथरायला लागले. ते निस्तरलं, तर केबल सुटली, जोडली, सुटली. मग उजेड हरवला, आणि डुप्लिकेटने आधीचा आकडा घट्ट धरून ठेवला. एका दिवसात तिचा प्रोग्राम अकरा वेळा आडवा झाला. अकराव्या वेळी ती तरातरा खोलीत आली.

"असा सेन्सर असतो का कुठे? नुसता उनाड!"

"माझ्याकडे असेच येतात," तो पडद्यावरून नजर न काढता म्हणाला. "गुणी एकही नाही आला अजून."

तो कुठेतरी अडला होता. कपाळाला आठी घालून एकाच ओळीकडे बघत होता. ती ओळ तिची होती, दोन वर्षांपूर्वी लिहिलेली. काय चुकतंय ते तिला दारातूनच दिसलं, एक आकडा इकडचा तिकडे करायचा होता. सवयीने ती पुढे झाली आणि तिचा हात कीबोर्डकडे गेला.

त्याने आपला पंजा कीबोर्डवर पालथा ठेवला.

"नाही, वहिनी," तो म्हणाला. आवाजात चेष्टा अजिबात नव्हती. "याला आता तुमचा हात लागायला नको."

ती ओळ, ती खुर्ची, ती खिडकीची काच, सगळं तिचंच होतं. छातीत चांगलंच दुखलं तिला. तिने हात मागे घेतला, बाहेर आली आणि दार ओढून घेतलं. बाहेर मशीनवर लाल दिवा लागला होता. ती आपल्या टेबलाशी बसली आणि बाराव्या चुकीचं कारण शोधायला लागली.